रेघ नसलेली गोळी

आमच्या गल्लीत माझ्या नवऱ्याला नावाने कुणी ओळखत नाही. सगळे काटेमास्तर म्हणतात. घराच्या खालच्या खोलीत त्यांचं तराजू आणि काटे दुरुस्त करण्याचं दुकान आहे. मास्तर ही पदवी कुठल्या शाळेने दिलेली नाही, ती त्यांच्या तोंडाने मिळवून दिली आहे. समोरच्याला चार गोष्टी शिकवल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकत नाही. "वजनाला बोट लावू नका, बोटाचं तेल लागतं, आणि तेलालाही वजन असतं," हे वाक्य मी लग्नापासून इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेत म्हणून दाखवीन.

दुकानात एक काचेची पेटी आहे आणि तिच्यात त्यांचा सगळ्यात नाजूक काटा. त्याच्यावर वजन करायचं तर आधी पंखा बंद, मग दार बंद, मग तोंडं बंद. मी चहा घेऊन गेले तरी हाताने 'थांब' अशी खूण होते आणि कप हातात निवत जातो. वजनं चिमट्यानेच उचलायची. तांदळाएवढी, कोपरा वर वळवलेली पत्र्याची वजनं असतात, ती उचलताना ते श्वास रोखून धरतात. दरवर्षी वजनमाप खात्याचे तपासनीस येतात आणि सगळी वजनं ताडून शिक्का मारून जातात. मास्तरांच्या वजनांत आजवर एक दोष निघालेला नाही, हे ते स्वतःच सांगतात, आणि ते खरं आहे.

खरं असणारच, कारण खोटं बोलणं त्यांना जमत नाही. खोटं बोलले की उजव्या हाताने कानाची पाळी ओढतात. माझी भाजी करपली तरी "छान झालीय" म्हणतात आणि हात कानाकडे जातो. ही खूण मला त्यांच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, लग्नानंतर आठव्या दिवशी सांगितली. "तुला आयुष्यभर कामाला येईल," असं म्हणाल्या.

आक्का म्हणजे या माणसाची आईच. आई गेली तेव्हा हे सात वर्षांचे आणि आक्का अठराच्या. त्यांनी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून यांना वाढवलं आणि चौदाव्या वर्षी एका म्हाताऱ्या काटेवाल्याच्या हाताखाली ठेवलं. स्वतःच्या लग्नाचं 'बघू, बघू' करता करता राहूनच गेलं. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचं इस्त्रीचं दुकान आहे आणि त्याच्याच मागे एक खोली. अख्खी गल्ली ज्यांना मास्तर म्हणते त्यांना त्या अजून "बाळ्या" म्हणतात, तेही गिऱ्हाइकांसमोर. वय आता बाहत्तर. आमच्याकडून कधी काही घ्यायच्या नाहीत. मी चार फळं पाठवली की संध्याकाळी पाच परत यायची. आणि भावाला जे जमत नाही ते बहिणीला छान जमतं. आक्का खोटं बोलल्या तर इस्त्री केलेल्या कापडासारखं, एक चुणी दिसायची नाही.

आता गोळ्यांचं सांगते.

रक्तदाब आमच्या घरात पहिल्यांदा माझा निघाला, सहा वर्षांपूर्वी. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, कामाच्या आहेत, पण मान वर करून बघायला त्यांना सवड नसते. म्हणाल्या, "घाबरू नका. रोज एक गोळी. कायम." तो शेवटचा शब्द मी घरी येईपर्यंत चघळत होते. एका गोळीची किंमत फार नसते हो. कायमची किंमत फार असते. तापाचं औषध आठवड्यात संपतं, हे आपण संपल्यावरच संपणार. महिन्याची वीस तारीख उलटली की पाकिटात किती गोळ्या उरल्या ते मी चाचपून बघायला लागले. कधी कधी एखादी चुकवायची, आणि चुकवली की दिवसभर छातीत धडधडतंय असं वाटायचं. ते गोळी चुकवल्याने की भीतीने, हे मला आजही सांगता येणार नाही.

मास्तरांना हे कळलं आणि ते तडक औषधाच्या दुकानात गेले. तिथे त्यांना एक शोध लागला. तीच गोळी, त्याच कंपनीची, दुप्पट ताकदीची, आणि किंमत मात्र जेमतेम सव्वापट. मास्तर संतापले. आयुष्यभर ज्याने मापात पाप होऊ दिलं नाही त्याला हा हिशेबच पटेना. "दुप्पट माल आणि सव्वापट भाव? मग इतके दिवस आपण कशाचे पैसे देत होतो?" ते डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि विचारलं, मोठी गोळी आणून अर्धी केली तर? बाईंनी गोळी हातात घेतली, उलटून बघितली आणि म्हणाल्या, "मधे रेघ आहे ना, मग चालेल." त्यांनी तसं चिठ्ठीवर लिहूनही दिलं.

त्या वाक्यातलं 'चालेल' मास्तरांनी घरी आणून जपलं. रेघ काही दिवसच टिकली.

मग काय विचारता! पितळेचा एक छोटा साचा तयार झाला. गोळी त्यात बरोबर मधोमध बसायची, वरून दाढीचं पातं खाली यायचं आणि टक् असा आवाज. दोन्ही अर्धुकं काचेच्या पेटीत, पंखा बंद, दार बंद, श्वास बंद. केसाएवढा फरक निघाला तरी तोंड वाकडं व्हायचं. मी म्हणायची, "अहो, माझं रक्त काही सोनार नाही." ते म्हणायचे, "आज थोडी जास्त आणि उद्या थोडी कमी, याला औषध म्हणतात का?" खरं सांगते, त्या वर्षात माझा रक्तदाब जागेवर आला. गोळी चुकवण्याची वेळच येईना.

ही बातमी गल्लीत पोचायला कितीसा वेळ लागणार? रविवारी सकाळी दुकानात माणसं पाकिटं घेऊन यायला लागली. निवृत्त बसवाहक, समोरच्या वाचनालयातल्या बाई, पाव भाजणाऱ्याची आई. मास्तर आधी गोळीवरची रेघ बघायचे, मग तोडायचे, आणि कागदाच्या पुड्यांवर वार घालून द्यायचे. एक छदाम कधी घेतला नाही. पण छाती किती फुगायची ते मी बघत होते. वर्ष, दीड वर्ष असं गेलं, आणि रेघ बघण्याची सवय सुटत गेली. हात बसला की डोळे आळसावतात, तसं झालं असावं.

आक्का आल्या त्या एका सोमवारी, म्हणजे मुद्दाम गर्दी नसताना. डॉक्टरीणबाईंनी त्यांची गोळी बदलली होती. आधीची दिवसातून दोनदा घ्यायची होती आणि दुपारची आक्का हटकून विसरायच्या. इस्त्री तापलेली असताना गोळी कुणाला आठवते? म्हणून चोवीस तास पुरेल अशी नवी दिली होती. गुलाबी, चकचकीत, गुळगुळीत.

"बाळ्या, याचे दोन दोन कर," आक्का म्हणाल्या. "डॉक्टरांनी अर्धीच सांगितलीय."

"अर्धी?" मास्तरांनी गोळी उजेडात धरली. "हिला रेघ नाही आक्का."

"तुला रेघ लागते होय रे? एवढा मोठा मास्तर तू."

बस्स. तेवढं पुरलं. मास्तरांनी दोन संध्याकाळी खर्चून दुसरा साचा केला, कारण ही गोळी पात्याखाली निसटायची. आणि जेव्हा तुटली तेव्हा अशी तुटली की दोन्ही पारडी हललीही नाहीत. त्यांनी मला खाली बोलावून दाखवलं. "रेघ नव्हती, मी आखली," म्हणाले. मीही कौतुक केलं. दर सोमवारी आक्कांच्या पुड्या नेऊन द्यायचं काम माझं होतं. म्हणजे हात माझेही त्यात आहेत, हे आधीच कबूल करते.

महिन्याभरात आक्का सकाळी सकाळी भिंत धरून बसायला लागल्या. "इस्त्रीची वाफ," असं म्हणायच्या. तोंड लाल व्हायचं. "इस्त्रीची धग," म्हणायच्या. संध्याकाळी डोकं धरायच्या तेव्हा शेजारच्या टेपरेकॉर्डरला शिव्या द्यायच्या. एकदा त्यांनी एका शर्टाची कॉलर जाळली. चौपन्न वर्षांत पहिलं कापड जळलं. आम्ही तिघंही त्यावर हसलो. मास्तर म्हणाले, "आक्का, आता तुझ्या इस्त्रीलाही रक्तदाब झाला." आज ते आठवलं की माझ्या तोंडाची चव जाते.

तो गुरुवार होता. मी माझ्या गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेले. माझ्यापुढे एक माणूस आईची चिठ्ठी घेऊन उभा होता. औषधवाल्याने त्याच्यापुढे पाकीट ठेवलं आणि बोट नाचवत सांगितलं, "ही तोडायची नाही, चावायची नाही, कुटायची तर मुळीच नाही. अख्खी गिळायची. हिच्यात दिवसभराचं औषध कोंडलेलं असतं, हळूहळू सुटतं. तोडली की सगळं एकदम अंगात जातं, आणि मग संध्याकाळी काहीच उरत नाही."

पाकिटातली गोळी गुलाबी होती. चकचकीत, गुळगुळीत.

मी पुढे झाले. म्हटलं, "ही आक्कांची ना? इस्त्रीवाल्या आक्कांची?"

"हो, तीच की. पण त्या महिन्याला पंधराच नेतात. मला वाटलं, डॉक्टरांनी दिवसाआड दिली असेल."

"विचारलं नाहीत तुम्ही?"

औषधवाला काउंटर पुसायला लागला. "कसं विचारणार वहिनी? पंधरा नेणारे पुष्कळ आहेत. विचारलं की पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातात."

मी माझ्या गोळ्या घेतल्या की तिथेच ठेवल्या, आठवत नाही. रस्ता कसा कापला तेही आठवत नाही. डोक्यात एकच चाललं होतं, आज गुरुवार, म्हणजे आज सकाळचीही पुडी त्यांनी घेतली. आणि दुसरं, यांना सांगायचं कसं? दुसरं कुणी सांगितलं असतं तर बरं, असंही मनात येऊन गेलं. लाज वाटते, पण आलं.

दुकानात तपासनीस बसले होते. नेमका वार्षिक तपासणीचा दिवस. पेटी उघडी, पंखा बंद, मास्तरांच्या चिमट्यात पत्र्याचं एवढंसं वजन. मला बघून त्यांनी नेहमीसारखी 'थांब' अशी खूण केली.

मी थांबले नाही. "अहो, आक्कांची गोळी तोडायची नसते," म्हटलं. "तोडली की विषासारखी एकदम लागते. औषधवाल्याने आत्ता सांगितलं."

चिमटा टेबलावर पडला. वजन पेटीच्या कडेला आपटून खाली घरंगळलं, आणि मास्तरांनी ते बोटांनी उचललं. उघड्या बोटांनी. घट्ट मुठीत धरलं आणि माझ्याकडे बघत राहिले. तपासनीस हा नियमांचा माणूस, पण त्यांनीच म्हटलं, "मास्तर, तुम्ही जा. मी दुकान बघतो."

दोन गल्ल्या. रोज दहा मिनिटं लागतात, त्या दिवशी किती लागली कोण जाणे. मास्तर पुढे धावत होते, साठी उलटलेला माणूस, पायातली एक चप्पल निघाली ती मी उचलली. ते एकच पुटपुटत होते, "मी वजन केलं होतं. दोन्ही सारख्या होत्या. मी वजन केलं होतं."

आक्कांच्या दुकानाचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. टेबलावर निळा सदरा पसरलेला, एक बाही झालेली, एक राहिलेली. इस्त्री उभी करून ठेवलेली होती, पण चालू. आक्का इस्त्री चालू ठेवून लघवीलासुद्धा जात नाहीत. मास्तरांनी हाक मारली, "आक्का!" मी आधी इस्त्री बंद केली. अशा वेळीही हात आपला संसारच करत असतो.

मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर त्या बसल्या होत्या, डोकं चौकटीला टेकून. डोळे मिटलेले, तोंड पांढरंफटक. कपाळावर चौकटीची कड लागल्याची लाल खूण होती. मास्तर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी आक्कांच्या नाकापाशी हात धरला, काट्यासमोर धरतात तसा स्वतःचा श्वास रोखून.

आक्कांनी एक डोळा उघडला. "हात काढ रे. तेलकट वास येतोय."

मला रडू फुटलं. मास्तर रडले नाहीत, त्यांनी बहिणीला लहान मुलासारखं उचललं.

दवाखान्यात दुपारच्या वेळी गर्दी होती, पण कपाळ बघून आम्हाला लगेच आत घेतलं. आक्कांना बाकावर निजवलं. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, डायलवरचा काटा चढला आणि हळूहळू उतरला. बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सकाळी चक्कर आली आणि आता एवढं जास्त? गोळी वेळेवर घेता ना?"

"रोज," आक्का म्हणाल्या.

"अख्खी?"

"अख्खी," आक्का म्हणाल्या. एक चुणी नाही.

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर आक्कांकडे बघत होते. आक्कांनी भावाकडे बघून मान अगदी थोडी हलवली, म्हणजे गप्प बस. तेवढ्यात मला सगळं दिसलं. आक्कांना काय झालंय ते त्यांना आमच्या तोंडावरून कळलं होतं, आणि स्वतःच्या जिवापेक्षा त्यांना बाळ्याची अब्रू वाचवायची होती. गल्लीतल्या सगळ्यांच्या गोळ्या तोडून देणारा माणूस. हे बाहेर गेलं तर?

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "मग ही पुरत नाहीये. जोडीला आणखी एक सुरू करते."

पेन कागदाला लागलं. मी बोलायला हवं होतं. बोलले तर नवरा उघडा पडतो, गप्प राहिले तर नणंद जाते, आणि मी मधल्या मधे मूग गिळून उभी.

"डॉक्टर, थांबा," मास्तर म्हणाले. मुठीत अजून ते पत्र्याचं वजन होतं. "ती अख्खी घेत नाही. मी तोडून देतो तिला, रविवारी गल्लीतल्या इतरांनाही देतो. रेघ नव्हती तरी तोडली. तुम्ही अर्धी सांगितलीत म्हणून."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मी अर्धी सांगितली?"

खोलीतल्या सगळ्यांची नजर बाकाकडे गेली. आक्का छताकडे बघत होत्या.

"आक्का," मास्तर म्हणाले, "तू मला सांगितलंस डॉक्टरांनी अर्धी सांगितलीय."

"सांगितलं असेल."

"का?"

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं ते ऐकू येत होतं. मग त्या म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात, जो मी तीस वर्षांत कधी ऐकला नव्हता, "मला परवडत नाही रे. अख्ख्या महिन्याची नाही परवडत. इस्त्री आता लोक घरीच करतात. तुझ्याकडे मागायचे, तर तुझी बायको आहे आजारी."

मला वाटलं डॉक्टरीणबाई आता आम्हाला धारेवर धरणार. मास्तरही मान खाली घालून त्याचीच वाट बघत होते. बाई रागावल्याच, पण राग कुठे ठेवावा हे त्यांनाच कळेना. "आजी, मला का नाही सांगितलंत? जीव गेला असता."

"तुम्ही विचारलं नाहीत," आक्का म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, नुसतं उत्तर होतं.

बाईंचा चेहरा पडला. त्यांनी पहिला कागद फाडला आणि दुसरा घेतला. जुनं एक औषध आहे म्हणाल्या, साधं, दिवसाला एकच गोळी, आधीच्याच्या चौथाईत येतं. "चकचकीत नाही," बाई म्हणाल्या, "पण काम करतं." मग मास्तरांकडे वळून म्हणाल्या, "हिला रेघ आहे. तरी तोडायची नाही. लिहिली आहे तेवढी अख्खी. आणि रविवारच्या तुमच्या सगळ्या लोकांना पाकिटं घेऊन इथे पाठवा. उद्याच."

"पाठवतो," मास्तर म्हणाले. "एकेकाच्या घरी जातो आजच." बोलताना मूठ सैल झाली आणि वजन सुटून फरशीवर टिण्ण करून पडलं. ते उचलायला वाकले आणि टेबल धरून तसेच राहिले. तोंड लाल झालं होतं.

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "दंड द्या."

"मला काय झालंय? धावत आलो म्हणून."

"द्या."

पट्टा गुंडाळला गेला. मास्तरांनी डायलकडे बघितलं आणि एवढ्या गोंधळातही त्यांच्यातला काटेवाला जागा झाला. "तुमचा काटा शून्यावर बसत नाही," म्हणाले. "दोन रेघा वर आहे. हे माप धरता येणार नाही."

बाईंनी कपाटातून दुसरं यंत्र काढलं. मास्तरांनी ते उजेडात धरून तपासलं, शून्य बघितलं, मान डोलावली. मग अर्धा तास शांत बसवून माप घेतलं. मास्तर काट्याकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते. काटा चढला आणि उतरताना जिथे ठोके ऐकू यायला हवे होते त्याच्या पुष्कळ वरच ते ऐकू यायला लागले, हे बाईंच्या चेहऱ्यावरून मला कळलं. दुसऱ्यांदा घेतलं, तेच.

"याआधी कुणी मोजला होता?"

"नाही," मास्तर म्हणाले. हात कानाकडे गेला, पाळीला लागला आणि तिथेच थांबला. त्यांनाही ते कळलं असावं. "गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोजला होता. तेही जास्तच सांगत होते. औषध सुरू करा म्हणाले होते."

गेल्या वर्षी! मी या माणसाच्या शेजारी बसून रोज माझी तोलून कापलेली अर्धी गोळी घेत होते, आणि तो पाण्याचा पेला पुढे करत होता. रागाने माझे कान तापले. पण विचारणार काय? का सांगितलं नाही, ते मला ठाऊक होतं. घरात एक 'कायम' होतं, दुसरं कुठे ठेवणार?

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहायला सुरुवात केली. मग थांबल्या. पेन बाजूला ठेवलं, मान वर केली आणि सरळ मास्तरांच्या डोळ्यांत बघितलं. त्या दवाखान्यात सहा वर्षांत मी हे पहिल्यांदा बघत होते.

"रोज घ्यावी लागेल," त्या म्हणाल्या. "कायमची. परवडेल ना?"

"हो, हो," मास्तर म्हणाले. "न परवडायला काय झालं? परवडेल की."

आणि उजवा हात वर गेला आणि कानाची पाळी धरून ओढायला लागला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागे बाक करकरला. आक्का कोपरावर रेलून उठल्या होत्या, कपाळावर चिकटपट्टी, केस विस्कटलेले.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "खोटं बोलतोय तो. लिहा, त्यालाही परवडत नाही."